हळू म्हणजे किती

शाळेने आम्हाला पंधरा दिवस दिले होते. सोळाव्या दिवशी मोठ्या बाई स्वतः बालवर्गात येऊन बसणार होत्या, आणि तोवर ठमीचे हात आवरले नाहीत तर हे वर्ष तिला घरीच ठेवा, असं त्यांनी मला समोर बसवून अगदी सौम्य शब्दांत सांगितलं. सौम्य शब्दांशी भांडता येत नाही. मी "बरं" म्हणाले आणि उठले.

ठमी तेव्हा साडेचार वर्षांची होती. माझी एकुलती एक. तिच्या हातात पेन्सिल दिली की टोक मोडायचं, खडू दिला की त्याचे दोन व्हायचे. केळं सोलताना निम्मं केळं मुठीत राहायचं. ती मिठी मारायची तेव्हा मोठं माणूससुद्धा "अगं अगं" म्हणत मागे सरायचं. माझे सासरे तिला पैलवान म्हणायचे. त्यांना त्यात कौतुक वाटायचं. मला दर वेळी कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं.

शाळेतलं प्रकरण मनगटावरून झालं. मुलं हात धरून गोल करतात आणि गाणं म्हणत फिरतात, तो खेळ. ठमीच्या शेजारी दोन वेण्या घालून येणारी एक मुलगी होती. खेळ संपला तेव्हा तिच्या मनगटावर चार बोटं उमटली होती. लाल, आणि दुसऱ्या दिवशी निळसर. तिच्या आईने मला फाटकापाशी गाठून मोबाइलवर त्या मनगटाचा फोटो दाखवला. "मुलं मारामारी करतात, मला कळतं," ती म्हणाली, "पण हे बघा तुम्ही." मी बघितलं. बोटं मोजता येत होती.

वर्गशिक्षिकेशी बोलले तेव्हा खरा घाव बसला. मुलं तिला ताई म्हणतात. वयाने ती माझ्याहून लहानच असेल. ती म्हणाली, "ढकलून पळाली असती तर मी त्याला खोडी म्हटलं असतं. ही पळत नाही. मी 'हळू' म्हणून ओरडले की माझ्याकडे बघते, आणि मग सावकाश दाबत जाते. एकदम सावकाश. समोरचं मूल रडेपर्यंत. मला नीट सांगता येत नाही, पण ते बघवत नाही हो."

"मुद्दाम करते म्हणताय?"

ताई टेबलावरचे खडू नीट लावत बसली. तेच उत्तर होतं.

त्या दिवसापासून मी ठमीकडे आईसारखी बघायची थांबले आणि पहारेकऱ्यासारखी बघायला लागले. ती मुंगीकडे कशी बघते, बाहुलीचा पाय उपटते तेव्हा चेहरा कसा असतो, मी "आई गं" म्हटलं की हसते का. एकदा खरंच हसली. त्या हसण्यावर मी दोन दिवस काढले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू 'आई गं' म्हणताना तोंड कसं करतेस ते आरशात बघ, मलाही हसू येतं." त्याचं असं असतं. कामावरून येतो, हसवतो, झोपतो. माझ्या मनात जे होतं ते मी त्यालाही सांगितलं नव्हतं. माझी मुलगी दुष्ट तर नाही ना, हे वाक्य तोंडातून काढायचं कसं?

तिसऱ्या दिवशी मी तिला एका थेरपिस्टबाईंकडे नेलं. खोलीत जमिनीवर गाद्या, छताला टांगलेला झोका, कोपऱ्यात मोठमोठे चेंडू. बाई ठेंगण्या, आवाज खणखणीत. त्यांनी ठमीला अर्धा तास चढवलं, लोळवलं, झोक्यावर उलटं टांगलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही डोळे मिटा."

"मी?"

"तुम्हीच. मिटले? आता उजव्या हाताचं बोट नाकाच्या शेंड्याला लावा."

लावलं.

"कसं सापडलं? बघितलं नाहीत, वास घेतला नाहीत. चाचपडलाही नाहीत. हात नाकापर्यंत सरळ गेला. कोणत्या इंद्रियाने गेला?"

माझ्याकडे प्राणिशास्त्राची पदवी आहे. बेडकाच्या डोक्यातल्या मज्जातंतूंच्या दहा जोड्या मला एकेकाळी झोपेतून उठवलं तरी ओळीने म्हणता यायच्या. आणि तरी त्या क्षणी मी शाळेतल्या त्या तक्त्यातच अडकले होते: डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा.

"पाच हे तक्त्यावर मावतात म्हणून पाच," बाई म्हणाल्या. "कानाच्या आत गवंड्याच्या पाणसळीसारखी एक रचना असते. मान कलली, शरीर वळलं की तिला आधी कळतं. आणि स्नायूंतून, सांध्यांतून मेंदूला सतत बातम्या जात असतात: हात इथे आहे, कोपर इतकं वाकलंय, जोर एवढा लागलाय. जिना उतरताना तुम्ही दर पायरी बघता का? नाही ना. ती बातमी आहे म्हणून. आता हिचं बघा."

ठमीने डोळे गच्च मिटले, बोट उगारलं आणि भुवईत खुपसलं. मग गालात. मग सरळ डोळे उघडले, नाक शोधलं आणि म्हणाली, "इथे होतं."

"बातमी येते, पण पुसट येते," बाई म्हणाल्या. "ज्याला कमी ऐकू येतं तो रेडिओचा आवाज वाढवतो, तसं आहे. ही जोर वाढवते. दाबल्याशिवाय तिला स्वतःचा हातच नीट कळत नाही. भिंत ढकलू दे, जड पिशव्या उचलू दे, गादीत गुंडाळून लोळवा. सुधारतं."

"किती दिवसांत?"

"महिने धरा."

"आमच्याकडे बारा दिवस आहेत."

बाईंनी शाळेसाठी चिठ्ठी दिली. मोठ्या बाईंनी ती दोनदा वाचली, घडी घालून खणात ठेवली आणि म्हणाल्या, "मला पटतंय. पण त्या दुसऱ्या मुलीच्या आईला मी चिठ्ठी दाखवू का? ठरल्या दिवशी मी वर्गात येते. मला जे दिसेल त्यावर ठरवू."

म्हणजे दुष्ट नाही, एवढं कळलं होतं. निदान दिवसा कळलेलं असायचं. पण ताईचं ते "सावकाश" मला सोडत नव्हतं. बातमी पुसट असलेलं मूल धसमुसळं असेल, आदळआपट करेल, हे समजलं. पण ते सावकाश का दाबेल?

त्याचं उत्तर एका अंड्याने दिलं.

सकाळची वेळ होती. मी अंडी उकडायला ठेवत होते आणि थेरपिस्टबाईंनी कामं करू द्या सांगितलं होतं म्हणून एक अंडं ठमीच्या हातात दिलं. "पातेल्यात ठेव. हळू हं. हळू, हळू."

ठमीने मान डोलावली. जिभेचं टोक बाहेर आलं. मूठ अंड्याभोवती मिटली आणि तिचा हात पातेल्याकडे निघाला. इतक्या सावकाश की मला आधी वाटलं ती थांबलीच आहे. पातेलं वीतभर दूर होतं. अर्ध्या वाटेवर तिच्या बोटांतून पिवळं गळायला लागलं, तरी हात तसाच, त्याच गतीने, डुगडुगत पुढे चालला होता. शेवटी तिने टरफलांचा लगदा पातेल्यात अगदी जपून सोडला आणि माझ्याकडे बघितलं. शाबासकीसाठी.

"हळू म्हटलं होतं ना मी?" मी ओरडले.

तिचा चेहरा पडला. "हळूच केलं," ती म्हणाली. "किती वेळ केलं."

मी गॅस बंद केला. तिचा हात धुतला. किती वेळ केलं. तिने खरंच हळू केलं होतं. आम्ही सगळे तिला सकाळपासून रात्रीपर्यंत हळू म्हणत होतो. हळू चाल, हळू बोल, हळू धर, हळू लाव दार. एकच शब्द, आणि त्यातून चार वेगळ्या गोष्टी मागत होतो. ज्याच्या हाताला जोर कळतो त्याला त्यातून बरोबर गोष्ट उचलता येते. हिच्या हाताला जोर कळतच नव्हता, म्हणून तिला त्यातला एकच अर्थ मिळाला होता: वेळ. हळू म्हणजे सावकाश. ताई ओरडायची "हळू", आणि माझी मुलगी आज्ञाधारकपणे, होता होईल तेवढ्या सावकाश, तेवढ्याच ताकदीने ते मनगट दाबत राहायची. जितकं ओरडा तितकं सावकाश.

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि हसायला लागले. ठमीही हसली. तिला कशाबद्दल ते कळलं नसणार, पण आई हसतेय म्हणजे अंड्याचं मिटलं, एवढा हिशेब तिने केला.

सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते बाहेरच्या खोलीत एका काट्याचं पोट उघडून बसले होते. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा जन्माचा धंदा. आता डोळ्यांनी दगा दिलाय म्हणून काम कमी केलंय, पण जुनी गिऱ्हाइकं काटे आणून टाकतातच. त्यांच्या हाताची एक गंमत आहे. बटाटा तळहातावर घेतील, एकदा झेलल्यासारखं करतील आणि सांगतील, "एकशे ऐंशी." काट्यावर ठेवला तर एकशे ऐंशी, नाहीतर फार तर पाचने कमी. लग्न होऊन आले तेव्हा मला ती जादू वाटायची. नंतर सवय झाली आणि मी बघायचीही थांबले.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग उघडा काटा बाजूला सारला आणि खिडकीतला गोल तबकडीचा मोठा काटा पुढ्यात ओढला. वर पसरट पारडं, खाली घड्याळासारखी सुई.

"ये पैलवान. दाब इथे."

ठमीने तळहात ठेवला आणि दाबला. सुई चार किलोच्या पलीकडे जाऊन थरथरली.

"वा. आता हळू दाब."

सुई निघाली. एक किलो. मग दीड. ठमीची जीभ बाहेर. दोन किलो. बाहेर कुणीतरी सायकल लावली, कुलूप घातलं, निघून गेलं. तीन किलो. सुई पुन्हा चारच्या पलीकडे जाऊन थांबली, फक्त वरातीच्या थाटात पोचली एवढंच.

सासरे माझ्याकडे वळले. "सूनबाई," ते म्हणाले, "पोरगी सांगितलेलं ऐकते की. आपल्यालाच सांगता येत नव्हतं."

"आता काय करायचं बाबा?"

"काट्याला कधी हळू सांगून चालतं का? काट्याला आकडा सांगावा लागतो." त्यांनी नखाने तबकडीवर एक रेघ दाखवली. "पैलवान, हे शंभर. सुई इथे आली की थांबायचं. पुढे गेली तर तुझा आजोबा हरला."

पहिल्या दिवशी आजोबा चाळीस वेळा तरी हरले. सुई शंभर ओलांडून एक किलोत जायची, मग ठमी हात उचलायची तर शून्यावर. मधलं काही तिच्या हातात नव्हतंच. होतं ते डोळ्यांत. ती सुईकडे मांजरासारखी बघायची आणि हळूहळू – हा शब्द मी लिहितानाही आता अडखळते – तिचं मनगट त्या सुईचं ऐकायला लागलं. खेळाच्या तिसऱ्या दिवशी शंभरावर सुई एक क्षण थांबली. ठमी इतकी चकित झाली की तिने आनंदाने पारड्यावर बुक्की मारली.

"माझा हात आहे हा," ती म्हणाली. मला त्या वाक्याचा अर्थ आजही पुरता लागलेला नाही.

मीही एकदा दाबून बघितलं. डोळे मिटून, माझ्या मते फुलाला लावावं तसं. उघडले तर सुई सहाशेवर.

"सूनबाई, तुझा काटा शून्यावर नाही," सासरे म्हणाले. "पारडं रिकामं असतानाच पाव किलो दाखवत असणार."

"बाबा, दुरुस्त करून द्या मग."

"उघडावा लागेल. पोटातून."

सगळं सुरळीत चाललं असं मुळीच नाही. आम्ही तिला शंभर शिकवलं आणि तिने शंभर हेच ब्रीद करून टाकलं. पेन्सिल शंभराने धरली तर कागदावर काही उमटेना. बाथरूमचं दार शंभराने ढकललं, ते उघडलं नाही, आणि ती बिचारी दारापाशी नियम पाळत उभी राहिली ती कपडे ओले होईपर्यंत. मग बसून एकेका गोष्टीचं वजन ठरवावं लागलं. पेन्सिल दोनशे. दार एक किलो. अंडं दीडशे. माणसाचा हात शंभर.

"आणि बाबाला?" तिने विचारलं.

"तुझ्या बाबाला पाच किलो चालेल," मी म्हणाले. संध्याकाळी नवरा चपला काढत असतानाच तिने ते अमलात आणलं. "हे कुणी ठरवलं?" तो भिंतीला धरून म्हणाला.

दहाव्या दिवशी ती तापाने कणकणली आणि शिकलेलं सगळं जणू धुऊन गेलं. आजोबांना मिठी मारताना त्यांच्या चष्म्याची काडी मोडली. मी कोपऱ्यात जाऊन रडून घेतलं. सासरे दोरा गुंडाळलेला चष्मा घालून म्हणाले, "थंडीत स्प्रिंग आखडते, उन्हात सैल पडते. म्हणून काय काटा फेकून देतात?" पण तेही त्या संध्याकाळी तिच्याबरोबर सुईचा खेळ खेळले नाहीत.

चौदाव्या दिवशी मी ताईला भेटले. अंड्याची गोष्ट सांगितली. वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे मी ओरडत होते तेव्हा ती माझं ऐकत होती."

"हो."

"आणि मी तिला... मग काय म्हणू मी?"

"हलकं म्हणा. किंवा शंभर म्हणा, तिला कळतं. फक्त हळू म्हणू नका."

"तोंडात बसलाय हो तो शब्द. दिवसातून दोनशे वेळा म्हणते मी."

सोळाव्या दिवशी मोठ्या बाई मुलांच्या छोट्या खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन बसल्या. मांडीवर वही. पालकांनी बाहेर थांबायचं होतं. दाराला वर एक काचेची पट्टी होती आणि दार पुरतं लागलेलं नव्हतं, म्हणून मला दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. मी भिंतीला पाठ लावून, मान तेवढी वळवून उभी राहिले.

चित्रं झाली. ठमीच्या पेन्सिलीचं टोक एकदाच मोडलं. गोष्ट झाली. मग ताई म्हणाली, "चला, गोल करा."

मुलं उठली. ठमीच्या एका बाजूला एक गोबरा मुलगा आला, त्याने बिनधास्त हात दिला. दुसऱ्या बाजूला, कुणास ठाऊक कसं, दोन वेण्याच आल्या. तिने ठमीकडे बघितलं आणि हात पाठीमागे नेले.

"हळू गं, हळू," ताई म्हणाली. म्हणाली आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

ठमी थांबली. तिचा पुढे केलेला हात हवेत तसाच राहिला. मी मनात म्हटलं, आता गेलं. आता ती सावकाश तो हात शोधणार, सावकाश धरणार, आणि मोठ्या बाईंच्या वहीत ते सावकाश उतरणार.

ठमी म्हणाली, "किती देऊ?"

"काय किती?" दोन वेण्यांनी विचारलं.

"हाताला. किती देऊ?"

दोन वेण्यांनी विचार केला. "पाच."

"पाच लागतच नाही. पाच म्हणजे माशी."

"मग हजार दे."

काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती, ती मी पुसली. हजार म्हणजे किलो. चार वर्षांच्या मुलांना मोठा आकडा म्हणजे मोठा मान. आणि माझ्या मुलीला आकडा म्हणजे आज्ञा. आम्हीच तसं केलं होतं.

ठमी तिच्याकडे बघत राहिली. "हजार दाराचं असतं," ती शेवटी म्हणाली. "तू दार नाहीस. तुला शंभर देते." आणि तिने हात पुढे केला.

दोन वेण्यांनी आपला हात बाहेर काढला. ठमीने डोळे मिटले, आजोबांनी सुई न बघता दाबायला लावल्यापासून ती धरताना मिटतेच, आणि धरला.

गोल फिरायला लागला. गाणं सुरू झालं. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्यात मुलांना जोर चढला, गाणं किंचाळण्यात गेलं आणि सगळी पळायला लागली. मला ठमीचा खांदा वर चढलेला दिसला. तो चढला की तिचं हाताचं भान सुटतं, हे मला पंधरा दिवसांत पाठ झालं होतं. दोन वेण्यांचा चेहरा आक्रसला. "दुखतंय," ती म्हणाली, फार मोठ्याने नाही.

ठमीने हात सोडला. एकदम, दोन्ही बाजूंचे.

पळत्या गोलाला अचानक भोक पडलं की जे होतं तेच झालं. गोबरा मुलगा कुल्ल्यांवर आपटला, त्याच्यावर आणखी एक पडलं. एकजण रडलं. मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

मला आत बोलावलं तेव्हा मुलं पाणी प्यायला गेली होती. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना.

"दोन मुलं पडली," मोठ्या बाई वहीकडे बघत म्हणाल्या.

"तिने सोडलं म्हणून पडली," ताई मध्येच म्हणाली. तिचा आवाज जरा चढलाच. "बाई, इतके दिवस आपली तक्रार काय होती? मूल रडलं तरी ती सोडत नाही, हीच ना?"

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. नळापाशी ठमी रांगेत उभी होती. पुढच्या मुलाला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात तिने काखेत दाबून धरले होते.

"मनगट बघितलं मी त्या मुलीचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "काही उमटलेलं नाही." त्यांनी वही मिटली. "सहामाहीपर्यंत राहू दे. मधूनमधून मी येऊन बसेन. गोलात ती ताईंच्या शेजारी राहील, तिने हात सोडले तर ताई गोल सावरतील. त्या दुसऱ्या आईशी मी बोलते, ते तुम्ही माझ्यावर सोडा. आणि पुन्हा असं उमटलं, तर मात्र आपण परत इथेच बसू. कळलं ना?"

"कळलं."

"ताई सांगत होत्या ते काय म्हणायचं, हळूच्या ऐवजी?"

"हलकं."

"हलकं," त्यांनी म्हणून बघितलं, नवीन भाजी चाखावी तसं. "सगळ्याच वर्गांना सांगते. तिसरीतल्या पोरांनाही हळू म्हटलेलं कळतं असं मला कधी दिसलेलं नाही."

मी वर्गाबाहेर आले. ठमी नळावरून परत येत होती. माझ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली, कामावर असलेल्या माणसाने ओळख द्यावी तशी, आणि आत गेली. ताईने दार लावून घेतलं. या वेळी पुरतं.

जिन्याच्या पाच पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीवर मी थांबले. मी कठडा धरून खाली बसले. मग लक्षात आलं की दोन तास मी पाय ताठ करून उभी होते. मान एका बाजूला आखडली होती. जबडा दुखत होता. तो मी कधी आवळला ते मला माहीत नव्हतं. तळहातांत नखांच्या खुणा होत्या. हळूहळू एकेक भाग मला येऊन सांगायला लागला, मी इथे आहे, मी इथे आहे. सगळ्यांत शेवटी पोटात खोल, मोठी, जुनी काहीतरी हालचाल झाली. ती काय आहे ते ओळखायला मला थोडा वेळ लागला.

झाडू घेऊन शाळेच्या मावशी वर चढत होत्या. त्या थांबल्या. "काय हो, चक्कर आली का?"

"नाही मावशी. भूक लागलीय."

"मग घरी जाऊन जेवा की," मावशी म्हणाल्या. "इथे पायरीवर बसून कोण वाढणार तुम्हाला? उठा, झाडायचंय मला."